एएस आणि श्वासाच्या स्नायूंचा व्यायाम: कोणी केलाय का?

ताठकणा

नमस्कार मंडळी. मला अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस (एएस, मणका आखडवणारा संधिवात) आहे. कॉलेज संपता संपता कंबर धरायला लागली, आता चाळिशी जवळ आली आहे. औषधं चालू आहेत, सकाळचा ताठरपणा बराच आटोक्यात आहे. कंबरेची तक्रार घेऊन हा धागा काढलेला नाही. प्रश्न दमाचा आहे.

दोन जिने चढलो की बोलता येत नाही. हृदयाच्या तपासण्या झाल्या, इको व्यवस्थित आहे. स्पायरोमेट्रीत (फुंकून करायची फुप्फुसाची तपासणी) एफव्हीसी, म्हणजे छाती पूर्ण भरून जोराने सोडलेली एकूण हवा कमी, पण एफईव्ही१ (त्यातली पहिल्या सेकंदात सुटलेली हवा) आणि एफव्हीसीचं गुणोत्तर व्यवस्थित. म्हणजे नळ्या मोकळ्या आहेत, भाताच पुरता उघडत नाही. संधिवाततज्ज्ञ म्हणाले, फासळ्या मागे मणक्याला जिथे जोडलेल्या असतात ते छोटे सांधे आखडलेत. त्यांनी फिजिओकडे पाठवलं आणि फिजिओने 'इन्स्पिरेटरी मसल ट्रेनर' आणायला सांगितलं. औषधाच्या दुकानात विचारलं तर काउंटरवरच्या मुलाने तीन गोळ्यांचं स्पायरोमीटर पुढे केलं. "साहेब, हेच ते, कोविडमध्ये सगळ्यांनी हेच नेलं."

हेच का ते? आणि एएसवाल्यांपैकी कुणी हा व्यायाम नेमाने केलाय का? फरक पडला?

सांगलीची_काकू

माझ्या भाच्याला हाच आजार आहे. त्याला रोज पहाटे भस्त्रिका, कपालभाती, अनुलोम-विलोम करायला लावलं आणि पुष्कळ बरा आहे. यंत्रावर पैसे घालवण्याआधी प्राणायाम करून बघा. आपल्याकडे हे शास्त्र कधीपासून आहे, आपल्यालाच किंमत नाही.

डोंगरवेडा

वाचतोय. मलाही बी२७ (या आजाराशी जोडलेली रक्तातली आनुवंशिक खूण) पॉझिटिव्ह आहे, पण सध्या त्रास फक्त खुब्यात. (ज्यांचा रिपोर्ट नुकताच आला असेल त्यांनी घाबरू नये. बी२७ असलेल्या बहुतेक लोकांना हा आजार कधीच होत नाही.)

एक शंका. स्ट्रॉमधून श्वास आत ओढला तर तोच व्यायाम फुकटात होणार नाही का?

फिजिओ_मुक्ता

ताठकणा, दुकानातल्या मुलाने दिलेली वस्तू वेगळी आणि तुमच्या फिजिओने सांगितलेली वेगळी. जरा सविस्तर लिहिते, कारण ही गल्लत मी दर आठवड्याला बघते.

तीन गोळ्यांचं यंत्र म्हणजे इन्सेंटिव्ह स्पायरोमीटर. त्यावर ६००, ९००, १२०० असे आकडे असतात. सेकंदाला किती मिलिलिटर हवा आत ओढली की कुठली गोळी वर जाते, ते ते आकडे सांगतात. ऑपरेशननंतर दुखतंय म्हणून पेशंट उथळ श्वास घेतो, फुप्फुसाचा खालचा भाग मिटून राहतो, त्याने खोल श्वास घ्यावा म्हणून ते हातात देतात. गोळी उचलायला स्नायूंना फारसा जोर लागत नाही. (त्यात फुंकायचं नसतं, ओढायचं असतं. निम्मे लोक फुंकतात.)

स्नायूंच्या व्यायामाचं यंत्र दिसायला याहून साधं असतं. तोंडात धरायची नळी आणि आत स्प्रिंग लावलेली झडप. ठरवलेला दाब तुम्ही आतून ओढून निर्माण केल्याशिवाय झडप उघडतच नाही. दाब सेंटिमीटर पाणी या मापात असतो आणि स्प्रिंग आवळून वाढवता येतो.

डोंगरवेडा, स्ट्रॉचं उत्तर इथेच आहे. स्ट्रॉमधला अडथळा हवेच्या वेगावर अवलंबून असतो. हळू ओढलं की भार जवळजवळ संपतो, आणि दमलेला माणूस आपोआप हळूच ओढतो. झडपेला ही पळवाट नाही. वेग कितीही असो, ठरलेला दाब द्यावाच लागतो. शिवाय स्ट्रॉने आज किती भार दिला आणि महिन्याने किती वाढवला, हे मोजणार कसं?

आता एएसमध्ये हे का. श्वास घेताना फासळ्या बादलीच्या कडीसारख्या बाजूला उचलल्या जातात. त्या कडीची मागची खुंटी, म्हणजे फासळी आणि मणक्याचा सांधा, सुजून सुजून आखडला की कडी उचलत नाही. पुढे छातीच्या हाडाजवळही तसंच होतं. मग सगळं काम श्वासपटलावर येतं. आखडलेल्या एएसवाल्यांचा श्वास छातीत कमी आणि पोटात जास्त दिसतो तो यामुळे. फासळ्यांमधले स्नायू वर्षानुवर्षं पुरेसे न हलल्याने अशक्त होतात. म्हणजे दोन गोष्टी एकदम बिघडतात, पिंजरा कडक होतो आणि तो हलवणारे स्नायूही दुबळे होतात. यंत्राचा व्यायाम फक्त दुसऱ्या गोष्टीवर चालतो. हाडं एकमेकांना जुळली असतील तर ती यंत्राने सुटणार नाहीत. असं कुणी सांगून यंत्र विकत असेल तर घेऊ नका.

आकडेमोड

मुक्ताताई, चांगलं लिहिलंत. पण पुरावा किती आहे? 'व्यायामाने बरं वाटतं' हे कुठल्याही आजाराबद्दल म्हणता येतं.

फिजिओ_मुक्ता

प्रश्न रास्त आहे. पुरावा आहे, पण ढीगभर नाही. रोमानियातल्या संशोधकांचा २०१६ सालचा अभ्यास बऱ्यापैकी माहितीतला आहे. एएसचे ५४ रुग्ण, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत वाटलेले, ८ आठवडे. दोन्ही गटांनी नेहमीचे व्यायाम केले, एका गटाने वर श्वासाच्या स्नायूंचा व्यायाम केला. त्या गटाची छाती जास्त फुगू लागली आणि दम टिकवण्याची क्षमताही वाढली. तुर्कस्तानातही याच धर्तीचं काम झालंय. सगळे अभ्यास लहान आणि काही आठवड्यांचे. पाच-दहा वर्षांनी काय, हे त्यातून कळत नाही.

एक बारीक गोष्ट लक्षात घ्या. नेहमीचे व्यायाम आणि हे, अशी ती तुलना होती. नेहमीच्या व्यायामांऐवजी हे, अशी नव्हती.

आकडेमोड

हेच हवं होतं. अजून थोडं पाणी ओततो, राग नसावा. एएसमध्ये दम कशाने लागतो यावर १९९९ चा एक अभ्यास आहे. त्यात छातीच्या आखडण्यापेक्षा हातापायांच्या स्नायूंच्या ताकदीचा संबंध जास्त निघाला होता. म्हणजे दुखतंय म्हणून माणूस हलत नाही, हलत नाही म्हणून पाय दुबळे होतात, आणि जिन्यात दम लागला की तो फुप्फुसाला दोष देतो. धागाकर्त्यांनी आधी चालणं वाढवलं तर निम्मा प्रश्न सुटेल असं माझं मत. पैसे वाचतील ते वेगळेच.

फिजिओ_मुक्ता

राग कसला, बरोबरच आहे. फक्त दोन्ही गोष्टी आतून जोडलेल्या आहेत. श्वासाचे स्नायू थकले की शरीर त्यांच्याकडे रक्त वळवतं आणि पायांच्या रक्तवाहिन्या आकसून घेतं. म्हणून श्वासाचे स्नायू दुबळे असलेल्या माणसाचे पायही लवकर भरून येतात. पण 'यंत्र घेतलं, आता चालायची गरज नाही' असं करणारे पेशंट मी पाहिलेत, त्यांच्यासाठी तुमचा प्रतिसाद छापून दवाखान्यात लावते.

सांगलीची_काकू

माझ्या प्राणायामाला कुणीच उत्तर दिलं नाही. फुकट आहे म्हणून नाही ना?

फिजिओ_मुक्ता

नाही हो काकू, मुद्दाम वेगळं लिहायचं ठेवलं होतं. मी स्वतः पेशंटना प्राणायाम सांगते. पण कुठल्या प्राणायामात कुठले स्नायू काम करतात ते बघा. कपालभातीत जोर उच्छ्वासावर असतो, पोटाचे स्नायू झटका देतात आणि श्वास आपोआप आत येतो. म्हणजे श्वास आत ओढणाऱ्या स्नायूंना त्यात विश्रांतीच आहे. शंख, बासरी, फुगे फुगवणं, सगळं त्याच बाजूचं. वाईट नाही, पण वेगळं. भस्त्रिकेत आत ओढणंही जोरात असतं, पण अडथळा काहीच नसतो, वेग असतो. नुसते हात वरखाली करणं आणि हातात डंबेल घेऊन करणं यात फरक आहे, तेवढाच.

अनुलोम-विलोम मात्र मी अगदी आवर्जून करवते. एक नाकपुडी बंद ठेवली की थोडा अडथळा येतो, श्वास लांबतो, मन शांत होतं. मन शांत होणं ही दुखण्यात छोटी गोष्ट नाही. आणि तुमचा भाचा रोज पहाटे उठून हालचाल करतो, एएसच्या सकाळच्या ताठरपणावर तेच मोठं औषध आहे. फक्त त्याच्या योगशिक्षकांना आजार माहीत असू दे. पश्चिमोत्तानासनात डोकं गुडघ्याला लावायचा आग्रह, हलासन, मानेवर भार येणारी आसनं एएसमध्ये नकोत. पुढे वाकायला या आजारात शिकवावं लागत नाही, आजारच वाकवतो. मागे ताणणारं करा. आणि जमेल तितका वेळ पालथं झोपा.

सांगलीची_काकू

बरं. भाच्याला कळवते. शीर्षासन करतो तो, ऐकायचा नाही.

फिजिओ_मुक्ता

काकू, शीर्षासन आजच थांबवायला सांगा. खरंच. एएसमध्ये मणके बाहेरून जुळतात पण आतून ठिसूळ होतात. त्यात मानेचं हाड मोडलं तर हातापायांवरून वारं जाऊ शकतं.

मृण्मयी_ठाणे

हे वाचून लिहायला बसले. माझ्या नवऱ्याची मान जवळजवळ पूर्ण जुळली आहे. गावाकडे गेलो की सासरची मंडळी 'मोडलेलं बसवणाऱ्या'कडे न्यायला टपलेली असतात. एकदा मी अक्षरशः दारात उभी राहिले. इथे कुणी वाचत असेल तर मुद्दाम सांगते, एएसच्या मानेला झटका देऊन कुणालाही काही 'बसवू' देऊ नका. आणि घसरून पडल्यावर नवीन दुखणं सुरू झालं तर साधा एक्स-रे व्यवस्थित आला म्हणून गप्प बसू नका, सीटी करा. आमच्या डॉक्टरांनी हे लिहूनच दिलंय.

मुक्ताताई, त्यांना वरचेवर डोळा लाल होऊन युव्हियायटिस (डोळ्याच्या आतली सूज) होतो. त्यांना हा श्वासाचा व्यायाम चालेल का?

फिजिओ_मुक्ता

मृण्मयी, डोळा शांत असताना, डोळ्यांच्या आणि संधिवाताच्या डॉक्टरांना विचारून चालतो. डोळा लाल असताना, प्रकाश सहन होत नसताना व्यायामाचा विचार बाजूला ठेवून त्याच दिवशी डोळे दाखवा.

कुणी आपल्या मनाने सुरू करू नये ते सांगते. फुप्फुसाभोवती हवा भरण्याचा प्रकार आधी होऊन गेलेले, बरगडीचं ताजं फ्रॅक्चर असलेले, कानाचा पडदा फाटलेला असलेले, डोळ्याचं, पोटाचं किंवा छातीचं ऑपरेशन नुकतंच झालेले, आटोक्यात नसलेला दमा असलेले. हाडं फार ठिसूळ झाली असतील तर आधी विचारा. एएसमध्ये महाधमनीची झडप गळण्याचा त्रास काहींना होतो, म्हणून ताठकणा यांनी इको आधी करून घेतला हे उत्तम झालं.

आणि एएसच्या माणसाला छातीत दुखणं नवीन नसतं, फासळ्यांच्या जोडांना सूज येते. पण म्हणून प्रत्येक वेळी 'हे आपलं नेहमीचंच' म्हणायचं नाही. वेगळं वाटलं तर आधी ईसीजी.

रेडिंगकर

इंग्लंडमधून लिहितोय, मलाही एएस. इथे हा आजार असलेल्यांची संस्था आहे, नॅस नावाची. त्यांचे संध्याकाळचे गट भरतात, फिजिओ असतो, काही ठिकाणी कोमट पाण्याचा तलावही मिळतो. बाथ शहरातल्या संधिवाताच्या जुन्या रुग्णालयातून या आजाराची मोजमापं निघाली. बॅसडाय, बॅसफाय, बॅसमी, सगळ्यांतला 'बॅ' बाथचाच. कोक्रेन या वैद्यकीय अभ्यासांचे आढावे घेणाऱ्या संस्थेच्या २००८ च्या आढाव्याचा निष्कर्ष आमचा फिजिओ कायम ऐकवतो: घरी एकट्याने केलेला व्यायाम काहीच न करण्यापेक्षा बरा, आणि देखरेखीखाली गटात केलेला त्याहून बरा. पुण्यामुंबईत असे गट व्हायला हवेत असं फार वाटतं.

पोहण्याबद्दल एक. मान वळत नसेल तर फ्रीस्टाइलमध्ये श्वास घेता येत नाही, ब्रेस्टस्ट्रोकमध्ये मान मागे ओढली जाते. मी समोरून येणारा स्नॉर्केल लावतो. तलावावरची पोरं हसतात, हसू देत.

अवांतर: इंग्लंडचा क्रिकेटपटू माइक आथर्टनला एएस होता हे किती जणांना माहीत आहे? १९९५ ची जोहान्सबर्ग कसोटी, नाबाद १८५, ६४३ मिनिटं खेळपट्टीवर, समोर डोनाल्ड आणि पोलॉक. मी अर्धा तास रांगेत उभा राहिलो की भिंत शोधतो.

डोंगरवेडा

आथर्टनचं माहीत नव्हतं! आम्ही त्याला लहानपणी कंटाळवाणा म्हणायचो. शब्द मागे.

स्ट्रॉ सोडला. पण जिममध्ये ते काळे मास्क लावून पळणारे दिसतात, त्याचं काय?

फिजिओ_मुक्ता

मास्कमध्ये दाब नेमका ठरवता येत नाही, आणि पळताना अडथळा आला की तुम्ही पळणंच कमी करता. श्वासाच्या स्नायूंचा व्यायाम बसून, वेगळा, लक्ष देऊन करायचा असतो.

ताठकणा

सर्वांचे आभार, धागा इतका चालेल असं वाटलं नव्हतं. मुक्ताताई, प्रत्यक्ष कसं करायचं ते लिहाल का? माझी फिजिओ दाखवणार आहे, पण वाचून गेलो तर नीट विचारता येईल. आणि किती फरक पडला हे घरी कसं मोजायचं?

फिजिओ_मुक्ता

आधी ताकद मोजायची. त्याला एमआयपी म्हणतात: पूर्ण श्वास सोडून बंद नळीवर सगळ्या जोराने ओढायचं, यंत्र दाब दाखवतं. निरोगी तरुण पुरुषांत हा ढोबळमानाने १०० सेंटिमीटर पाण्याच्या आसपास किंवा वर असतो, स्त्रियांत कमी. आकडा माणसागणिक खूप बदलतो, म्हणून शेजाऱ्याशी तुलना नको. फुप्फुसविकाराच्या मोठ्या विभागांत ही तपासणी होते. स्पायरोमेट्रीच्या नेहमीच्या रिपोर्टमध्ये ती नसते, वेगळी मागावी लागते.

सुरुवात साधारण त्याच्या ३० टक्के भारापासून. रूढ पद्धत म्हणजे दिवसातून दोनदा, प्रत्येक वेळी ३० श्वास. खुर्चीत जमेल तेवढं ताठ बसायचं, खांदे सैल, नाकाला चिमटा. आधी श्वास पूर्ण सोडायचा, मग झटक्यात आणि पूर्ण आत ओढायचा, मग सावकाश सोडायचा. श्वासांची घाई केली तर चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात. तसं झालं की थांबायचं, साधे श्वास घ्यायचे. शेवटचे काही श्वास जड जायला हवेत. सगळे ३० सहज झाले तर स्प्रिंग थोडी आवळायची. खांदे कानाला भिडायला लागले तर भार जास्त झालाय.

त्याआधी पाच-दहा मिनिटं छाती मोकळी करायची. खालच्या फासळ्यांभोवती टॉवेल गुंडाळून टोकं हातात धरा, आणि श्वास घेताना टॉवेलला बाजूने ढकला. खोलीच्या कोपऱ्यात दोन्ही भिंतींवर हात ठेवून छाती पुढे द्या. माझ्या मते एएसमध्ये ही पाच मिनिटं यंत्राइतकीच मोलाची. पिंजरा जेवढा हलतो तेवढा हलवून घेतला तरच स्नायूंना काम करायला जागा मिळते.

मोजायला शिंप्याची टेप पुरते. हात डोक्यावर किंवा डोक्यामागे, टेप चौथ्या आणि पाचव्या फासळीच्या मध्ये, पुरुषांत साधारण स्तनाग्रांच्या रेषेत. पूर्ण सोडून एक माप, पूर्ण भरून एक. दोनदा करा आणि त्यातला मोठा फरक लिहून ठेवा. तरुण माणसात हा ५ सेंटिमीटर किंवा जास्त असायला हवा. २.५ च्या खाली आला तर छाती आखडली असं जुन्या निकषांत धरायचे. दर महिन्याला, दिवसाच्या त्याच वेळी मोजा, कारण एएसवाला सकाळी आणि संध्याकाळी वेगळा माणूस असतो. ऑक्सिमीटर काढून बसू नका. त्यात बहुतेक वेळा ९७-९८ च दिसणार, तुमचा प्रश्न तिथे नाही.

मृण्मयी_ठाणे

वाचनखूण साठवली. 'सकाळी आणि संध्याकाळी वेगळा माणूस' हे घरात वाचून दाखवलं, नवरा हसला.

आकडेमोड

एक राहिलं. धागाकर्ते सिगारेट ओढत असतील तर वरचं सगळं त्याच्यानंतर. एएसमध्ये धूम्रपान करणाऱ्यांचा मणका जास्त वेगाने जुळतो. आणि औषधं कुणी या भरवशावर सोडू नयेत. अडॅलिम्युमॅब या एएसवरच्या इंजेक्शनचा भारतीय बनावटीचा पर्याय डिसेंबर २०१४ मध्ये आला, तेव्हापासून इंजेक्शनं तुलनेने आवाक्यात आली आहेत. फक्त ती सुरू करण्याआधी क्षयाची तपासणी चुकवू नका, आपल्या देशात तर नाहीच.

ताठकणा

सिगारेट कधीच नव्हती. इंजेक्शन चालू आहे, क्षयाची तपासणी झाली होती.

एमआयपी करून आलो. ६२ आला. टेपवर छाती ३ सेंटिमीटर. फिजिओने तीन गोळ्यांचं यंत्र बघून हसत बाजूला ठेवलं आणि स्प्रिंगवालं दिलं, भार १८ वर लावून. मुक्ताताई, पहिल्या दिवशी तिसाव्या श्वासाला घाम फुटला, हे चालतं ना? आणि पुढे आयुष्यभर दिवसातून दोनदा करायचं का?

फिजिओ_मुक्ता

घाम चालतो. दुसऱ्या दिवशी फासळ्यांमध्ये जरा दुखलं तरी चालतं, तीव्र टोचलं तर नाही. दोन-अडीच महिन्यांनी एमआयपी पुन्हा करा. वाढला असेल तर आठवड्यातून दोन-तीन वेळा एवढ्यावर टिकवता येतो. पूर्ण सोडलं तर ताकद हळूहळू पुन्हा उतरते. चालणं मात्र रोज.

नळी रोज कोमट साबणाच्या पाण्याने धुऊन वाळवा. आणि घरातल्या पोरांना फुंकायला देऊ नका.

डोंगरवेडा

ते तीन गोळ्यांचं यंत्र उरलंच असेल तर काकूंच्या भाच्याला पाठवा, शीर्षासनाऐवजी.

सांगलीची_काकू

पाठवू नका. त्याचं शीर्षासन बंद केलंय. आता तो इथे खातं काढतो म्हणतोय, प्रश्न विचारायला.